शरीरातील सैन्याचा शोधक : इल्या मेचनिकॉफ

बोटात काटा रुतला की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते, दोन दिवसांनी तेथे पू धरतो, आणि आठवड्याभरात सारे बरे होऊन काट्याची आठवणही राहत नाही. बहुतेक वेळा असेच घडते. परंतु क्वचित् असेही घडते की तीच क्षुल्लक जखम आपली मर्यादा सोडते. रोग्यास हुडहुडी भरते, श्वास लागतो, तो बरळू लागतो, आणि काल चालता बोलता असलेला माणूस थोड्याच दिवसांत मरणाच्या दारी जाऊन पोहोचतो. अंगात विष भिनले, असे आपल्याकडील वडील माणसे म्हणत. आजचे डॉक्टर ह्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. काटा तोच, जंतूही तेच. मग एक मनुष्य वाचतो आणि दुसरा का दगावतो? हा प्रश्न ज्याने आयुष्यभर उराशी धरला, आणि ज्याच्या घरी त्या प्रश्नाने एक जीवही घेतला, अशा एका थोर शास्त्रज्ञाचे चरित्र आज आपल्या वाचकांपुढे ठेवीत आहे. त्याचे नाव इल्या मेचनिकॉफ.

मेचनिकॉफ यांचा जन्म १८४५ साली मे महिन्यात, त्या काळच्या रशियन साम्राज्यातील व आजच्या युक्रेन देशातील खारकॉफ शहराजवळच्या एका खेड्यात झाला. त्यांचे वडील बादशाही सैन्यातील अधिकारी होते. आई बुद्धिमान व प्रेमळ असून तिचे आजोळच्या बाजूस असलेले लेखनवाचनाचे संस्कार मुलांवर झाले होते. पाच भावंडांत इल्या शेंडेफळ. वडील भावास शिकविण्यासाठी घरी ठेवलेल्या एका तरुण विद्यार्थ्याने ह्या लहानग्याला रानातील फुलापानांची गोडी लावली. मग काय! आठ वर्षांचे हे पोर वनस्पती व किडे गोळा करी, त्यांची टिपणे ठेवी, आणि घरातील इतर मुलांस समोर बसवून त्यांच्यापुढे व्याख्यान झोडी. श्रोते कंटाळून पळू नयेत म्हणून आपल्या खाऊचे पैसेही तो त्यांना वाटी. ज्याला पुढे साऱ्या युरोपातील विद्वानांशी पंचवीस वर्षे वाद घालावयाचा होता त्याच्या व्याख्यानांचा आरंभ हा असा झाला.

वैद्यकीचे शिक्षण घ्यावे असे त्यांच्या मनात होते. पण आपल्या ह्या मुलाचे मन फार हळवे आहे, रोग्यांचे हाल त्याला पाहवणार नाहीत, असे आईस वाटले व तिने त्याला त्या विचारापासून परावृत्त केले. म्हणून ते प्राणिशास्त्राकडे वळले. खारकॉफच्या विश्वविद्यालयातील चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत पुरा केला आणि एकोणिसाव्या वर्षी पदवी मिळविली. पुढे जर्मनीत व इटलीच्या समुद्रकाठी त्यांनी हलक्या दर्जाच्या प्राण्यांचे सूक्ष्म निरीक्षण केले. १८६५ साली एका चपट्या कृमीच्या पोटात अन्नाचे कण सुट्या पेशीच गिळून पचवितात, ही गोष्ट त्यांच्या दृष्टीस पडली. त्या वेळी तिचे महत्त्व कोणासही, खुद्द त्यांनाही, कळले नव्हते. ती गोष्ट त्यांनी मनाच्या एका कोपऱ्यात ठेवून दिली. सुज्ञ विद्यार्थी अशा गोष्टी टाकून देत नाही. त्यांचे काम पुढे कधी तरी पडतेच.

वयाच्या पंचविसाव्या वर्षी ते ओडेसा येथील विश्वविद्यालयात प्राध्यापक झाले. परंतु संसारात त्यांना सुख नव्हते. १८६९ साली त्यांनी लुडमिला नावाच्या तरुणीशी विवाह केला. तिला क्षयाने इतके ग्रासले होते की लग्नाच्या वेळी तिला खुर्चीत बसवून देवळात न्यावे लागले. चार वर्षे त्यांनी तिची सेवा केली, उबदार हवेच्या देशांत तिला नेले, कर्ज काढले, रात्री जागून भाषांतरे करून पैसे मिळविले. पण १८७३ साली मदिरा बेटावर ती निवर्तली. ह्या दुःखाने मेचनिकॉफ इतके खचले की त्यांना जिणेच नकोसे झाले. त्या काळोखातून ते कसेबसे बाहेर आले ते आपल्या कामाच्या आधाराने. १८७५ साली त्यांनी ओल्गा नावाच्या विद्यार्थिनीशी दुसरा विवाह केला. तिने त्यांच्या हयातीत प्रयोगशाळेत त्यांना साथ दिली, आणि त्यांच्या मागे त्यांचे चरित्र लिहिले.

१८८१ हे साल त्यांना फार कठीण गेले. रशियाच्या बादशहाचा वध झाला होता आणि विश्वविद्यालयांत दडपशाही व कलह माजले होते. त्याच वर्षी त्यांचे वडील बंधू इव्हान आजारी पडले. इव्हान हे तुला शहरच्या न्यायालयात सरकारी वकील असून त्यांचे वय अवघे पंचेचाळीस वर्षांचे होते. त्यांच्या शरीरात पूयदोष पसरला, म्हणजे आज ज्यास आपण सेप्सिस म्हणतो तीच अवस्था झाली. मेचनिकॉफ त्यांच्या उशाशी होते. रोग्याची शुद्ध अखेरपर्यंत निर्मळ होती. मरण जवळ येत आहे हे त्याला कळत होते. आणि जवळ बसलेल्या शास्त्रज्ञ भावाला काही करता येत नव्हते. प्रसिद्ध रशियन ग्रंथकार टॉल्स्टॉय यांनी १८८६ साली छापलेल्या इव्हान इल्यिचच्या मृत्यूच्या कथेस ह्याच गृहस्थाच्या आजाराने विषय पुरविला. जगाने ती कथा वाचली व मरणाविषयी विचार केला. धाकट्या भावापुढे मात्र निराळाच प्रश्न उभा राहण्याची वेळ आली होती. शरीर जंतूंपुढे हार खाते ते का, आणि बहुतेक वेळा जिंकते ते कशाच्या बळावर?

ह्या प्रश्नाच्या उत्तराचा पहिला किरण पुढील वर्षीच दिसला. विश्वविद्यालयातील भांडणांस कंटाळून त्यांनी प्राध्यापकी सोडली आणि १८८२ च्या हिवाळ्यात ते कुटुंबासह सिसिली बेटावरील मेसिना ह्या बंदरी जाऊन राहिले. नाताळचे दिवस होते. बागेतील एका लहानशा संत्र्याच्या झाडास मुलांसाठी नाताळच्या झाडाप्रमाणे सजविले होते. एके दिवशी घरची सारी मंडळी सर्कशीतील माकडांचे खेळ पाहण्यास गेली असता मेचनिकॉफ एकटेच आपल्या सूक्ष्मदर्शक यंत्रापाशी बसले होते. समोर ताऱ्याच्या आकाराच्या सागरी प्राण्याची, म्हणजे तारामाशाची, पाण्यासारखी पारदर्शक पिले होती. त्यांच्या शरीरात इकडून तिकडे फिरणाऱ्या पेशी पाहत असता एकाएकी त्यांच्या मनात कल्पना चमकली, की ज्या पेशी अन्नाचे कण गिळतात त्याच पेशी शत्रूसही गिळत नसतील कशावरून? तसे असेल तर ह्या प्राण्याच्या अंगात काटा खुपसताच त्या तेथे धावून आल्या पाहिजेत. ते तसेच उठले, बागेतून गुलाबाचे काही काटे आणले आणि पिलांच्या कातडीखाली सरकविले. त्या रात्री त्यांस झोप आली नाही. पहाटे उठून पाहतात तो प्रत्येक काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला! तारामाशाच्या त्या पिलात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूंचा पसारा नाही. तरीही शत्रू आला म्हणजे त्यास वेढा घालण्याची विद्या त्याच्या अंगी आहे. आपल्या बोटात रुतलेल्या काट्याभोवती जो पू साचतो तो ह्याच सैन्याच्या मेलेल्या शिपायांचा ढीग होय.

पुढील साली व्हिएन्ना येथील प्राध्यापक क्लाउस यांनी ह्या पेशींस ग्रीक भाषेतून फॅगोसाइट असे नाव सुचविले. आपण त्यांना भक्षकपेशी म्हणू. आज आपल्या पाठ्यपुस्तकांत हे सारे दोन ओळींत येते, त्यामुळे त्या काळी ही कल्पना किती धाडसाची होती हे ध्यानात येत नाही. पांढऱ्या रक्तपेशींत रोगजंतू दिसतात हे इतरांनीही पाहिले होते. पण जंतूच त्यांत शिरतात व त्या पेशी त्यांना शरीरभर पसरवितात, असा बहुतेकांचा समज होता. दाह, म्हणजे सूज, लाली व उष्णता, हाच रोग, असेही वैद्य मानीत. मेचनिकॉफ यांनी हे सारे उलटे केले. रक्षकांस चोर समजू नका, दाह हा मुळात उपाय आहे, असे त्यांचे सांगणे होते.

काट्याने शंका दूर होण्यासारखी नव्हती. काटा म्हणजे जिवंत शत्रू नव्हे. म्हणून त्यांनी खरा रोग शोधला, आणि तो त्यांना गोड्या पाण्यातील डॅफ्निया नावाच्या जलपिसूत सापडला. हा प्राणी बाजरीच्या दाण्याएवढा व काचेसारखा आरपार दिसणारा असतो, म्हणून त्याच्या पोटात चाललेली लढाई पाहण्यास त्याला कापावे लागत नाही. ह्या जलपिसवांस एका किण्वासारख्या बुरशीचा रोग होतो. त्या बुरशीचे बीजाणू सुईसारखे लांब व टोकदार असतात. रोगाने मेलेल्या पिसूच्या शरीरातून ते बाहेर पडतात, दुसरी पिसू अन्नाबरोबर त्यांना गिळते, आणि मग ते तिच्या आतड्याची भिंत भोसकून शरीराच्या पोकळीत उतरतात. भिंत ओलांडून टोक बाहेर आले न आले तोच रक्तातील भक्षकपेशी त्याला घेरतात, गिळतात आणि त्याचे तुकडे करतात. ज्या पिसूच्या अंगात सारे बीजाणू असे फस्त होतात ती जगते. पण बीजाणू फार शिरले, किंवा त्यांतील एखादा निसटून त्याला अंकुर फुटला, की त्या बुरशीच्या असंख्य कळ्या रक्तात पसरतात, भक्षकपेशीच विरघळून जातात, पिसूचे सारे शरीर दुधाळ होते व ती मरते. १८८४ साली मेचनिकॉफ यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. पुढे १८९९ साली त्या बुरशीच्या कुलास त्यांचे नाव देऊन मेचनिकोविया असे म्हणू लागले, आणि ते नाव आजही चालू आहे.

वाचकांनी ह्या लहानशा प्राण्याच्या कथेकडे नीट लक्ष द्यावे. तीत तीन गोष्टी आहेत : आतड्यात शिरलेली बुरशी, आतड्याची भिंत, आणि भिंतीपलीकडे उभे असलेले सैन्य. रोग होणार की नाही, आणि झाला तर किती उग्र होणार, हे एकट्या शत्रूवर ठरत नाही. ह्या तिघांच्या परस्पर बळावर ठरते. मेचनिकॉफ यांच्या साऱ्या आयुष्याचे सार ह्या एका वाक्यात आहे.

१८८६ साली ओडेसा येथे लसी तयार करण्याचे केंद्र उघडले व त्याची सूत्रे त्यांच्या हाती आली. परंतु ते वैद्य नव्हेत, म्हणून तेथील डॉक्टर मंडळी त्यांस मानीत ना. १८८८ साली त्यांनी मायदेश सोडला आणि पॅरिस येथे वृद्ध पाश्चरसाहेबांच्या आश्रयास ते गेले. पाश्चर यांनी आपल्या नव्या संस्थेत त्यांना प्रयोगशाळा दिली आणि पुढील अठ्ठावीस वर्षे तेच त्यांचे घर झाले.

ह्या ठिकाणी आपल्या प्रांतास अभिमान वाटावा असा एक धागा आहे. ओडेसा येथील त्यांच्या विद्यार्थ्यांत वाल्देमार हाफकिन नावाचा एक ज्यू तरुण होता. तो सरकारच्या रोषास पात्र होऊन पकडला गेला असता मेचनिकॉफ यांनी त्याची बाजू घेतली, आणि १८८९ साली त्याला पॅरिस येथे संस्थेच्या ग्रंथालयात काम मिळाले. हेच हाफकिन १८९६ साली प्लेगने हाहाकार माजविला असता मुंबईस आले, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगवरील लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम आपल्याच अंगात टोचून घेतली. परळ येथील संस्थेस १९२५ पासून त्यांचे नाव आहे. गुरूने एका विद्यार्थ्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्याची सावली समुद्रापलीकडे मुंबईवर पडली.

पॅरिसमधील पहिली वीस वर्षे वादात गेली. कॉख यांच्या जर्मन परंपरेतील पंडित म्हणत की जंतूंचा नाश पेशी करीत नाहीत, रक्तातील द्रवच करतो. १८९० साली बेरिंग व त्यांचे जपानी सहकारी किटासाटो यांनी रक्तरसात विषाचा उतारा असतो हे सिद्ध केले तेव्हा भक्षकपेशींचा पक्ष हरला असेच पुष्कळांस वाटले. मेचनिकॉफ तापट होते. केस विस्कटलेले, खिसे कागदांनी फुगलेले, अशा थाटात ते सभांतून उभे राहत आणि एकेका आक्षेपास नव्या प्रयोगाने उत्तर देत. शेवटी दोन्ही पक्ष खरे ठरले. रक्तरसातील द्रव्ये जंतूंवर जणू मसाला लावतात आणि मग भक्षकपेशी त्यांना सहज खातात, असे १९०३ साली इंग्लंडात राइट व डग्लस यांनी दाखविले. १९०८ साली नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ आणि रक्तरसाच्या पक्षाचे अग्रणी पॉल एर्लिक ह्या दोघांत मिळून देण्यात आले.

उतारवयात त्यांचे लक्ष पुन्हा आतड्याकडे वळले. मनुष्य अकाली म्हातारा का होतो, ह्याचा विचार करता करता त्यांचे असे मत झाले की मोठ्या आतड्यात राहणारे जंतू अन्न कुजवितात व त्यांचे विष हळूहळू अंगात भिनते. बल्गेरियातील शेतकरी आंबट दूध खाऊन दीर्घायुषी होतात असे ऐकून त्यांनी आंबविलेल्या दुधाचा पुरस्कार केला आणि स्वतः ते नेमाने घेतले. पाहता पाहता युरोपभर त्याचे वेड पसरले. ज्या दह्याताकाशिवाय आपल्याकडे पंगत उठत नाही त्याला पॅरिसच्या औषधांच्या दुकानात मान मिळाला!

परंतु चरित्र लिहिताना गुणांप्रमाणे चुकाही सांगितल्या पाहिजेत. मोठे आतडे निरुपयोगी आहे आणि त्यातील जंतू बहुधा घातकच आहेत, असे त्यांनी प्रतिपादिले. ते खरे नव्हते. अशाच कल्पनांच्या नादाने काही शस्त्रवैद्यांनी रोग्यांची आतडी कापून काढली व त्यात कित्येकांचे नुकसान झाले. आज आपणांस ठाऊक आहे की आतड्यातील बहुसंख्य जंतू आपले शेजारी आहेत; ते काही जीवनसत्त्वे तयार करतात, आतड्याच्या अस्तरास पोषण देतात आणि उपद्रवी जिवांस जागा मिळू देत नाहीत. दह्याने आयुष्य वाढते ह्यालाही भक्कम पुरावा मिळालेला नाही. दही हे उत्तम अन्न आहे, एवढेच म्हणणे रास्त होय.

त्यांच्या दुसऱ्या मतासही पुरवणी जोडावी लागली आहे. दाह हा उपाय आहे हे खरे. पण उपाय आवरेनासा झाला म्हणजे तोच अपाय होतो. २०१६ साली जगातील तज्ज्ञांनी सेप्सिसची जी व्याख्या ठरविली तिचा आशय असा, की जंतुसंसर्ग झाला असता शरीराचा स्वतःचाच प्रतिकार बेताल होऊन हृदय, मूत्रपिंड, फुप्फुस इत्यादी इंद्रिये निकामी होऊ लागतात, आणि जीव धोक्यात येतो, हाच सेप्सिस. शत्रू वेशीवर आला असता सैन्याने त्याला अडविण्याऐवजी साऱ्या गावालाच आग लावावी, तसे हे आहे. २०१७ ह्या एका वर्षात जगात सुमारे ४ कोटी ८९ लक्ष लोकांस सेप्सिस झाला आणि सुमारे १ कोटी १० लक्ष दगावले, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. इव्हान इल्यिचचा शत्रू अद्याप मेलेला नाही.

मग हे सैन्य एका माणसात शिस्तीने लढते आणि दुसऱ्यात बेताल होते ते का? येथे जलपिसूची ती कथा पुन्हा उपयोगी पडते. आपल्याही आतड्यात बुरशी असते. जंतूंच्या मानाने तिची संख्या अगदी थोडी. पण तिच्यातील कॅन्डिडा नावाची जात पुष्कळ निरोगी माणसांच्या पोटात निमूटपणे राहते. रोगी फार अशक्त झाला, पोटावर मोठी शस्त्रक्रिया झाली, किंवा प्रतिजैविक औषधांनी शेजारचे जंतू मारले गेले, की तिला मोकळे रान मिळते. ती वाढते, भिंत ओलांडते आणि रक्तात उतरते. तसे झाले म्हणजे बुरशीचाच सेप्सिस होतो व तो फार घातक असतो. इतकेच नव्हे, तर भिंत न ओलांडताही ती आपला प्रभाव दाखविते. तिच्या कवचात बीटा-ग्लुकन नावाची एक शर्करा असते. भक्षकपेशी ती ओळखतात व तिच्या स्पर्शाने अधिक सावध आणि अधिक तापट होतात. बेताची सावधता हितकारक. तिचा अतिरेक झाला म्हणजे अनर्थ. प्रयोगशाळेतील उंदरांस आधी कॅन्डिडा खाऊ घालून मग सेप्सिस झाला तर तो अधिक उग्र होतो, असे दिसून आले आहे.

दुसरी गोष्ट लठ्ठपणाची. चरबी म्हणजे नुसता साठवणीचा माल, असे पूर्वी समजत. २००३ साली असे आढळले की लठ्ठ शरीरातील चरबीत भक्षकपेशी मोठ्या संख्येने येऊन ठाण मांडतात आणि दाह वाढविणारी द्रव्ये रात्रंदिवस सोडीत राहतात. शत्रू नसताही पेटत राहिलेली ही धुनीच होय. उंदरांस दीर्घकाळ अतिस्निग्ध आहार दिला असता त्यांच्या आतड्याची भिंत सैल पडते आणि जंतूंच्या शरीरातील विषारी द्रव्ये रक्तात पाझरू लागतात, हेही प्रयोगांत दिसले. अशा शरीरात सेप्सिस शिरला म्हणजे आधीच धुमसणाऱ्या लाकडांवर ठिणगी पडते. येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. उंदरांत जे स्पष्ट दिसते ते माणसांत तितके सरळ नाही. रुग्णालयांतील कित्येक पाहण्यांत सेप्सिस झालेले स्थूल रोगी सडपातळ रोग्यांपेक्षा अधिक दगावत नाहीत, उलट काही ठिकाणी कमीच दगावतात, असे दिसले. आणि ह्याचे कारण काय, ह्यावर तज्ज्ञांत वाद चालू आहे. शास्त्राचा रस्ता असा वळणावळणाचा असतो. मात्र लठ्ठपणाने मधुमेह जडतो आणि मधुमेहाने जंतुसंसर्गाचे भय वाढते, ह्यात वाद नाही.

मेचनिकॉफ यांचे अखेरचे दिवस दुःखाचे गेले. १९१४ साली महायुद्ध पेटले. संस्थेतील तरुण शास्त्रज्ञ रणांगणावर गेले, प्रयोगशाळा ओस पडल्या. ज्या युरोपास त्यांनी रोगाशी लढण्याची विद्या शिकविली तो आपल्याच मुलांचे रक्त सांडीत बसला, हे पाहून त्या म्हाताऱ्याचे हृदय विदीर्ण झाले. शरीरातील हृदयही थकलेच होते. १५ जुलै १९१६ रोजी, एकाहत्तराव्या वर्षी, पॅरिस येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या अस्थींचा कलश त्यांच्या इच्छेप्रमाणे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात ठेविला आहे.

विद्यार्थी मित्रहो, ह्या चरित्रापासून घेण्याजोगे पुष्कळ आहे. आईने ज्याला हळवा म्हणून वैद्यकीपासून दूर ठेविले, त्याने वैद्य न होता वैद्यांस नवी दृष्टी दिली. ज्याला आपल्या पत्नीला व भावाला वाचविता आले नाही, त्याने शोक करीत न बसता त्या शोकास प्रश्नाचे रूप दिले. महागडी साधने नव्हेत, तर गुलाबाचा काटा आणि डबक्यातील पिसू त्याला पुरली. डोळे उघडे असतील तर आपल्या शाळेमागच्या तळ्यातही असे धडे पडलेले आहेत.

आणि वडीलधाऱ्या वाचकांस दोन शब्द. मुलांच्या जखमा स्वच्छ धुवाव्या व झाकून ठेवाव्या. लसी वेळेवर टोचून घ्याव्या. प्रतिजैविक औषधे डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. कारण ती शत्रूबरोबर पोटातील चांगल्या शेजाऱ्यांसही मारतात आणि बुरशीला रान मोकळे करून देतात. मुलांच्या ताटात तळलेल्या व गोड पदार्थांपेक्षा भाकरी, भाजी, डाळ व ताक अधिक असावे, आणि संध्याकाळी त्यांना मैदानावर पिटाळावे. ताप आलेल्या किंवा जखम झालेल्या माणसाचा श्वास जलद चालू लागला, तो बरळू लागला, लघवी कमी झाली, हातपाय गार पडून अंगावर डाग दिसू लागले, तर उद्या सकाळची वाट पाहू नये. त्याच घटकेस त्यास रुग्णालयात न्यावे. सेप्सिसमध्ये एकेक तास मोलाचा असतो. इव्हान इल्यिचच्या काळी त्याच्या भावापाशी उशाशी बसून राहण्यावाचून दुसरा उपाय नव्हता. आज औषध आहे, शिरेतून द्यावयाचे पाणी आहे, ज्ञान आहे. ते वेळेवर रोग्यापर्यंत पोहोचविणे, एवढे काम तेवढे आपल्याकडे राहिले आहे.